स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या अकरा हजार इशाऱ्यांपैकी कोणते वाचावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एक लहान कंपनी शेतमालाच्या गोदामांसाठी तापमान आणि आर्द्रता मोजणारी व त्यानुसार पंखे चालू-बंद करणारी उपकरणे बनवते. उपकरणातील फर्मवेअर (त्याच्या चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम) सी भाषेत आहे, सुमारे ऐंशी हजार ओळींचे, आणि दहाएक वर्षांत ते बऱ्याच जणांच्या हातांखालून गेले आहे. उपकरणांकडून येणाऱ्या नोंदी साठवणारा सर्व्हर जावात लिहिलेला आहे. टीममधील एकाने स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचे, म्हणजे कोड न चालवता तो वाचून चुका शोधणारे, एक मोफत टूल सगळे नियम चालू ठेवून या कोडवर चालवले, तेव्हा अकरा हजारांहून अधिक इशारे आले. दोन नवे अभियंते ते निपटण्यासाठी बसवले गेले आणि काही आठवड्यांनी काम अर्ध्यावर सुटले. आता व्यवस्थापन विचारते आहे की पैसे भरून चांगले टूल घेतल्यास हा गोंधळ संपेल का, की हा सगळा प्रकारच बिनकामाचा आहे. कोणते टूल वापरावे आणि ते चाचण्यांची जागा घेईल का, असेही विचारले आहे. अहवालातील तीन इशारे प्रश्नासोबत नमुना म्हणून दिले आहेत.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. अकरा हजार हा आकडा आपल्या कोडविषयी फारसे काही सांगत नाही. तो टूल कसे चालवले गेले याविषयी सांगतो. इशाऱ्याचा उपयोग होतो की नाही हे तो कितपत अचूक आहे यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो कोणाला आणि कोणत्या वेळी दिसतो यावरही असते. त्यामुळे महाग टूल विकत घेऊन ते याच पद्धतीने चालवले, तर अकरा हजारांऐवजी कदाचित चार हजार इशारे येतील आणि तेही असेच पडून राहतील. मात्र आपण पाठवलेल्या तीन इशाऱ्यांपैकी दोन खऱ्या चुका आहेत, आणि त्यांतील एक नागपूरच्या उन्हाळ्यातच प्रकट होईल अशी आहे. म्हणून टूल बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रथम हे टूल काय करू शकते आणि काय करू शकत नाही, ते पाहणे आवश्यक आहे, कारण अपेक्षा तिथेच चुकतात. स्टॅटिक अ‍ॅनालिसिसमध्ये प्रोग्रॅम चालवला जात नाही. त्याचा सोर्स कोड किंवा कंपायलरने (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) तयार केलेले मधले रूप वाचून तो चालल्यावर काय होऊ शकेल याचा अंदाज बांधला जातो. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये लिहिलेले 'लिंट' हे सी भाषेसाठीचे या जातीचे पहिले प्रसिद्ध टूल. कंपायलरने वेगाने कोड तयार करावा आणि काटेकोर तपासणी वेगळ्या प्रोग्रॅमने करावी, अशी तेव्हाची विभागणी होती. पुढे ही तपासणी बरीच खोल गेली. काही टूल फक्त मजकुराचा किंवा वाक्यरचनेचा साचा शोधतात. काही एखाद्या व्हेरिएबलमधील मूल्य कुठून आले आणि कुठे गेले याचा माग काढतात. काही प्रत्येक 'इफ'पाशी दोन्ही वाटा धरून पुढे जातात आणि कोणत्या वाटेने गेल्यास पॉइंटर (मेमरीतील पत्ता धरणारे व्हेरिएबल) रिकामा राहतो ते दाखवतात.

पण या सगळ्यांच्या वर गणिताची एक मर्यादा आहे. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण गुणधर्माचा निर्णय सर्व प्रोग्रॅमसाठी अचूक देणारी एकच यांत्रिक पद्धत असू शकत नाही. म्हणून प्रत्येक टूलला कशावर तरी पाणी सोडावे लागते: काही चुका निसटू द्याव्या लागतात, किंवा काही खोटे इशारे द्यावे लागतात, किंवा प्रोग्रॅमरकडून जास्तीची माहिती मागावी लागते. सीपीपीचेकसारखे टूल खोटे इशारे कमी ठेवण्याला प्राधान्य देते आणि त्यासाठी काही चुका निसटू देते. दुसऱ्या टोकाला पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनवर उभी असलेली टूल आहेत. ती प्रत्येक व्हेरिएबलची शक्य ती सर्व मूल्ये एका मर्यादेत बांधतात, आणि त्या मर्यादेत चूक बसत नसेल तरच कोड निर्दोष मानतात. फ्रान्समधील अ‍ॅस्ट्रे या टूलने २००३ मध्ये एअरबस ए-३४० विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाच्या सुमारे १,३२,००० ओळींच्या सी कोडमध्ये रनटाइम चूक (प्रोग्रॅम चालू असताना घडणारी) असू शकत नाही, हे अशाच पद्धतीने सिद्ध केले. मात्र तो कोड मुद्दाम अत्यंत शिस्तीने लिहिलेला होता. त्यात रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) नव्हते आणि चालू असताना मेमरी मागणेही नव्हते.

याचा आपल्यापुरता अर्थ असा, की सीपीपीचेकसारख्या टूलने काही म्हटले नाही तर त्यावरून 'चूक नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. व्यवस्थापनाला अहवाल देताना हे वाक्य स्पष्ट लिहावे. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काय किंवा मिहानमध्ये काय, बाहेरच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या टीमला 'शून्य इशारे' ही अट करारातच घालून मिळण्याची शक्यता असते. ती अट टूलच्या सेटिंगमध्ये नियम बंद करूनही पूर्ण करता येते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. पण बोलायचे कोणी, हा प्रश्न असतो.

आता आपले तीन इशारे.

पहिला इशारा तापमानाच्या सरासरीविषयी आहे. सेन्सरकडून तापमान अंशाच्या शंभराव्या भागात येते, म्हणजे ३० अंशांसाठी ३,००० हा आकडा. सलग आठ नमुन्यांची बेरीज करून तिला आठने भागले जाते, आणि ही बेरीज १६ बिटांच्या साइन्ड इंटिजरमध्ये (अधिक-उणे दोन्ही मूल्ये घेणाऱ्या पूर्णांकात) ठेवली आहे. बेरीज त्या जागेत मावणार नाही, असे टूल म्हणते. आपल्या टीमने त्यापुढे 'खोटा इशारा, इतकी वर्षे चालते आहे' अशी नोंद केली आहे. इथे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. १६ बिटांच्या साइन्ड इंटिजरची वरची मर्यादा ३२,७६७ आहे. आठ नमुने प्रत्येकी ४,०९५ असतील तर बेरीज ३२,७६० होते आणि मावते. ते ४,०९६ झाले की ती ३२,७६८ होते आणि उलटते. म्हणजे ४०.९५ अंशांपर्यंत उपकरण व्यवस्थित चालते आणि ४०.९६ अंशांपासून बिघडते. तापमान ४५.५० अंश असताना बेरीज ३६,४०० येईल, १६ बिटांत ती −२९,१३६ म्हणून वाचली जाईल, आणि सरासरी उणे ३६.४२ अंश निघेल. गोदाम इतके थंड असेल तर पंखा कशाला लावायचा, असा निर्णय फर्मवेअर घेईल, आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबरच असेल.

वातानुकूलित प्रयोगशाळेत ही चूक कधीच दिसणार नाही. पुण्यातही ती वर्षातून जेमतेम काही दुपारी दिसेल. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहूनही वर असतो. शिवाय सायंकाळी तापमान ४१ अंशांखाली आले की उपकरण आपोआप सुधारते, त्यामुळे दुपारच्या तक्रारीवरून संध्याकाळी पोहोचलेल्या तंत्रज्ञाला सगळे ठीक आढळते. आपल्याकडे एप्रिल ते जून या काळात 'पंखा मध्येच बंद होतो, बोर्ड बदलल्यावर चालतो' अशा तक्रारी आल्या असतील, तर जुन्या सर्व्हिस नोंदी काढून त्यांची वेळ आणि त्या दिवशीचे तापमान एकदा ताडून पाहावे.

हा इशारा खोटा का वाटला, हेही समजून घेण्यासारखे आहे. टूलला सेन्सरची मर्यादा माहीत नाही. त्याच्या दृष्टीने नमुना कितीही मोठा असू शकतो, म्हणून त्याचा इशारा मोघम शब्दांत येतो. नमुना प्रत्यक्षात किती मोठा होऊ शकतो, हे ज्ञान सेन्सरच्या माहितीपत्रकात आणि नागपूरच्या हवेत आहे. ते जोडण्याचे काम माणसाचेच आहे. कोव्हेरिटी हे टूल बनवणाऱ्यांनी २०१० मध्ये आपल्या अनुभवाविषयी लिहिताना नेमके हे नोंदवले होते, की स्पष्टीकरण समजले नाही तर लोक खरा इशाराही खोटा ठरवून मोकळे होतात.

या चुकीच्या दुरुस्तीतही एक सापळा आहे. योग्य दुरुस्ती म्हणजे बेरजेचे व्हेरिएबल ३२ बिटांचे करणे. परंतु घाईत असलेला माणूस बेरजेच्या आधी १६ बिटांचा कास्ट (संख्येचा प्रकार बदलण्याची सूचना) लिहितो. त्याने इशारा नाहीसा होतो, कारण 'हे मी समजून-उमजून करतो आहे' असे आपण टूलला सांगितलेले असते. चूक मात्र तिथेच राहते, आणि आता तिच्यावर पांघरूणही पडलेले असते. इशारे मोजून कामाचे मोजमाप केले की असे कास्ट हमखास वाढतात. आपल्या त्या दोन अभियंत्यांनी अर्धवट काळात जे बदल केले, त्यांत नव्याने आलेले सर्व कास्ट आधी शोधून तपासावेत, असे मी आग्रहाने सुचवेन.

जाता जाता एक तांत्रिक बारकावा. जीसीसी या मोफत कंपायलरच्या दहाव्या आवृत्तीपासून 'कन्व्हर्शन' हा इशारा चालू केला, तरी १६ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज १६ बिटांतच ठेवण्याबद्दल कंपायलर गप्प राहतो. त्यासाठी 'अ‍ॅरिथ-कन्व्हर्शन' वेगळा चालू करावा लागतो. 'सगळे इशारे' या अर्थाचा 'वॉल' पर्याय तर यांतील एकही चालू करत नाही. नावावर जाऊ नये.

दुसरा इशारा असा आहे की एका फंक्शनमध्ये पॉइंटरमधून आधी मूल्य वाचले आहे आणि दोन ओळींनंतर तो पॉइंटर रिकामा तर नाही ना, हे तपासले आहे. हा इशारा मला व्यक्तिशः सर्वांत आवडतो, कारण त्यासाठी टूलला बाहेरचे काहीच माहीत असावे लागत नाही. लिहिणाऱ्याचे स्वतःचेच दोन समज परस्परविरोधी आहेत: तपासणी केली, म्हणजे पॉइंटर रिकामा असू शकतो असे त्याला वाटते, त्याआधीच वापरला, म्हणजे तो रिकामा नसतोच असेही वाटते. दोन्हींपैकी एक चूक आहे, एवढे निश्चित. स्टॅनफर्डमधील डॉसन एंगलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हीच कल्पना वापरून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये चुका शोधून दाखवल्या, आणि त्याच कामातून पुढे कोव्हेरिटी उभे राहिले.

'मग काय झाले, तपासणी जास्तीची आहे' असे यावर म्हटले जाते. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ट्युन या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेमकी हीच रचना होती. पॉइंटर आधी वापरला असल्यामुळे तो रिकामा नसणारच, असे भाषेच्या नियमानुसार धरून जीसीसीने पुढची तपासणी काढून टाकली, आणि त्यातून संपूर्ण यंत्राचा ताबा घेण्याची वाट निर्माण झाली. त्यानंतर अशा तपासण्या काढू नयेत, असे कंपायलरला सांगणारा पर्याय कर्नलच्या बिल्डमध्ये (कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याच्या प्रक्रियेत) कायमचा आला. आपल्या उपकरणात आर्म कॉर्टेक्स-एम जातीचा मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी चिप) असेल तर परिस्थिती आणखी फसवी आहे. संगणकावर शून्य पत्त्यावरून वाचले की प्रोग्रॅम तिथेच कोसळतो आणि निदान कळते तरी. या मायक्रोकंट्रोलरमध्ये शून्य पत्त्यावर सहसा व्हेक्टर टेबल (चिप सुरू होताना लागणाऱ्या पत्त्यांचा तक्ता) असते, त्यामुळे वाचन बिनबोभाट होते आणि स्टॅक पॉइंटरचे सुरुवातीचे मूल्य आपल्या हाती माहिती म्हणून पडते. तेव्हा या प्रकारचे जितके इशारे अकरा हजारांत असतील, ते सगळे उघडून पाहावेत. ते फार नसतील.

तिसरा इशारा 'फंक्शनमध्ये एकाहून अधिक रिटर्न आहेत' असा आहे. हा मिस्रा सीमधील १५.५ क्रमांकाचा नियम. मिस्रा ही वाहन उद्योगात १९९८ मध्ये सुरू झालेली नियमावली असून २०१२ च्या आवृत्तीत सक्तीचे, आवश्यक आणि केवळ सल्ला म्हणून दिलेले असे तीन दर्जे होते; त्या आवृत्तीत १५.५ हा सल्ल्याच्या दर्जाचा नियम होता. आपल्या ग्राहकाने मिस्राची मागणी केलेली नाही. मग सुरुवातीलाच चूक आढळल्यास बाहेर पडणारे, वाचायला सोपे असलेले फंक्शन मोडून त्याचे चार पातळ्या खोल 'इफ' करणे यात सुरक्षितता काही वाढत नाही, उलट नव्या चुकीला जागा होते. हा नियम बंद करावा, आणि का बंद केला ते एका ओळीत लिहून ठेवावे.

अकरा हजारांची फोड नियमाप्रमाणे केली, तर बहुतांश इशारे अशाच मूठभर शैलीविषयक नियमांतून आलेले आढळतील, असा माझा कयास आहे. ही फोड करायला अर्धा तास पुरतो आणि आपल्याकडे ती कोणी केलेली दिसत नाही.

त्याआधी मात्र आणखी एक गोष्ट तपासावी, कारण एम्बेडेड कोडच्या बाबतीत बहुतेक वेळा गडबड तिथेच असते: टूलला आपला कोड कंपायलरला दिसतो तसाच दिसतो आहे का? हेडर फाइलींचे मार्ग दिले नसतील, बिल्डमध्ये ठरणारे मॅक्रो दिले नसतील, किंवा मायक्रोकंट्रोलर बनवणाऱ्यांच्या कंपायलरमधील खास शब्द टूलला कळत नसतील, तर ते अर्धा कोड चुकीचा वाचते आणि उरलेल्या अर्ध्याविषयी काहीबाही बोलते. मोफत टूल नुसते फोल्डरचे नाव देऊन चालवले की हेच होते. सीमेक या टूलने बिल्ड होत असेल तर प्रत्येक फाइल कोणत्या आज्ञेने कंपाइल झाली याची यादी तोच तयार करून देतो. साध्या मेकवर बिल्ड असेल तर 'बेअर' नावाचे छोटे टूल चालू बिल्डवर लक्ष ठेवून ती यादी बनवते. सीपीपीचेक आणि क्लँग या दुसऱ्या मोफत कंपायलरवर आधारलेली टूल दोन्ही ही यादी वाचतात. सोबत इंटिजरचा आकारही सांगावा लागतो. एव्हीआर किंवा एमएसपी-४३० या मायक्रोकंट्रोलरवर साधा 'इंट' १६ बिटांचा असतो. टूलने तो ३२ बिटांचा धरला, तर वर सांगितल्यासारख्या चुका त्याला दिसणारच नाहीत. सीपीपीचेकमध्ये यासाठी प्लॅटफॉर्म निवडण्याची सोय आहे. एवढे केल्यावर इशाऱ्यांची संख्या बरीच बदललेली दिसली, तर आश्चर्य वाटू नये.

कोणते टूल, या प्रश्नाला माझे उत्तर साधे आहे: आधी कंपायलर, तोही दुसऱ्यांदा. आपला फर्मवेअर ज्या कंपायलरने बनतो त्याचे इशारे तर चालू करावेतच, शिवाय हार्डवेअरला थेट हात न लावणारा भाग जीसीसी आणि क्लँग या दोहोंनी साध्या संगणकावर कंपाइल करून पाहावा. दोघांना दिसणाऱ्या चुका वेगवेगळ्या असतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये उघड झालेली अ‍ॅपलची प्रसिद्ध 'गोटू फेल' चूक, ज्यात एक ओळ चुकून दोनदा आल्याने सुरक्षित जोडणीची तपासणी वगळली जात होती, ती क्लँगच्या 'कधीही न पोहोचता येणारा कोड' या इशाऱ्याला दिसली असती, पण तो इशारा नेहमीच्या पर्यायांत चालू नसतो. जीसीसीने २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत फसव्या इंडेंटेशनचा इशारा आणला, तो मात्र नेहमीच्या पर्यायांतच आहे. कंपायलरनंतर जीसीसीचे अंगभूत अ‍ॅनालायझर, जे दहाव्या आवृत्तीपासून आहे आणि सी भाषेसाठी उपयुक्त आहे, क्लँगचे अ‍ॅनालायझर, आणि सीपीपीचेक. हे सगळे मोफत आहे. जावासाठी स्पॉटबग्ज आणि एरर-प्रोन ही दोन पुरेशी आहेत. पहिले कंपाइल झालेला बाइटकोड वाचते, दुसरे कंपाइल होतानाच थांबवते. जावाच्या बाजूविषयी याहून अधिक लिहित नाही, कारण आपली खरी जोखीम सीमध्ये आहे.

आता वेळेचा मुद्दा, जो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. फेसबुकमधील अभियंत्यांनी 'इन्फर' या टूलचा अनुभव २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला ते रात्री सगळ्या कोडवर टूल चालवून इशाऱ्यांची यादी संबंधितांकडे पाठवत. त्यांतील जवळजवळ काहीच दुरुस्त होत नसे. मग तेच टूल, तेच नियम, कोड रिव्ह्यूच्या (सहकाऱ्यांनी बदल तपासण्याच्या) वेळी, ज्याने बदल केला त्याला, बदललेल्या ओळीपाशीच इशारा दिसेल असे जोडले, तेव्हा दुरुस्तीचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या घरात गेले. विश्लेषण तसूभरही बदलले नव्हते. कारण उघड आहे: बदल करताना माणसाच्या डोक्यात तो कोड ताजा असतो, आणि दुरुस्ती त्याच कामाचा भाग ठरते. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी कोडवरील इशारा नव्या अभियंत्याच्या हाती देणे म्हणजे त्याला आधी तो कोड समजून घ्यायला लावणे, मग इशारा, आणि मग काही मोडणार नाही अशी खात्री करायला लावणे. आपले दोन अभियंते आळशी नव्हते. काम त्या रूपात होण्यासारखे नव्हते.

म्हणून आजच्या सर्व इशाऱ्यांची नोंद 'आधारयादी' म्हणून साठवावी आणि यापुढे फक्त त्या यादीत नसलेले इशारे दाखवावेत. बहुतेक टूलमध्ये ही सोय असते; नसेल तर दोन अहवालांतील फरक काढणारी छोटी स्क्रिप्ट पुरते, फक्त तुलना ओळीच्या क्रमांकावर न करता फाइल, फंक्शन आणि नियम यांवर करावी, नाहीतर वर एक ओळ वाढली की खालचे सगळे इशारे नवे ठरतात. जुन्या यादीतून चारच प्रकार बाहेर काढून माणसांनी वाचावेत: अ‍ॅरेच्या (मूल्यांच्या रांगेच्या) बाहेर जाणे, रिकाम्या पॉइंटरचा वापर, मूल्य न देता वापरलेले व्हेरिएबल, आणि इंटिजर न मावणे. उरलेली यादी तशीच राहू द्यावी. एखाद्या जुन्या फाइलला कामासाठी हात लागेल तेव्हा तिचे इशारे त्या निमित्ताने पाहावेत.

बिल्ड कशावर थांबवायचे, हे ठरवताना हात आखडता ठेवावा. गूगलच्या अंतर्गत व्यवस्थेत एखादी तपासणी रिव्ह्यूमध्ये दाखवण्यासाठी तिचे निरुपयोगी इशारे दहा टक्क्यांहून कमी असावेत, असा दंडक होता. आणि कोव्हेरिटीच्या मंडळींचा अनुभव असा, की खोटे इशारे तीस टक्क्यांच्या वर गेले की लोक टूलकडे दुर्लक्षच करतात. एखादा नियम सतत खोटा ठरत असेल, तर तो चांगला आहे की वाईट यावर वाद न घालता बंद करावा. एखादा विशिष्ट इशारा दाबायचा असेल तर कोडमध्ये त्याच ओळीपाशी कारण लिहूनच दाबावा, आणि 'खोटा इशारा' हे कारण म्हणून स्वीकारू नये. 'नमुना ४,००० च्या वर जात नाही, कारण…' असे लिहायला लावले असते, तर त्या 'कारण'पाशीच लिहिणारा अडखळला असता.

इशारा न समजता कोड बदलण्याचा धोका किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीचे आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीच्या कोडमध्ये, मूल्य न दिलेली मेमरी वापरल्याची तक्रार व्हॅलग्राइंडने केली. ते टूल प्रोग्रॅम चालवून तपासणारे आहे, पण धडा तोच आहे. तक्रार मिटवण्यासाठी ज्या ओळी काढल्या गेल्या, त्यांतील एक ओळच यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात भर घालत होती. परिणामी सुरक्षित जोडणीच्या गुप्त किल्ल्या तयार करताना प्रोसेसच्या क्रमांकाखेरीज जवळजवळ काहीच यादृच्छिक उरले नाही, आणि एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्य राहिल्या. हे २००८ मध्ये उघडकीला आले. तोवर दोन वर्षे अशा किल्ल्या जगभर वापरात होत्या. टूल मात्र या सगळ्या काळात समाधानी होते.

चाचण्यांची जागा हे टूल घेईल का, असेही आपण विचारले आहे. नाही. आर्द्रता ७० टक्क्यांवर पंखा लावायचा असताना कोडमध्ये ६० लिहिले असेल, तर कोणतेही टूल ते सांगणार नाही, कारण कोडच्या दृष्टीने त्यात विसंगती नाही. इंटरप्ट (हार्डवेअरच्या हाकेने मध्येच चालणारा कोड) आणि मुख्य प्रोग्रॅम एकाच व्हेरिएबलला हात लावतात तिथे मोफत टूल फार कमकुवत आहेत. तो भाग माणसाने बसून वाचायलाच हवा. आणि बाहेरून येणारी माहिती कोणती, हे टूलला कळले नाही तर मोठी चूकही निसटते. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालेली ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड ही चूक कोव्हेरिटीला आधी दिसली नव्हती. पॅकेटमधून आलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवली जात होती, पण ती लांबी नेटवर्कवरून आली आहे हे ओळखायला टूलला आधार नव्हता. नंतर त्यांनी एक चतुर नियम घातला: ज्या मूल्याच्या बाइटचा क्रम उलटवला जातो ते बहुधा नेटवर्कवरून आलेले असते, म्हणून ते अविश्वसनीय धरावे. त्यानंतर चूक दिसू लागली. आपल्या फर्मवेअरमध्ये मॉडेमकडून येणारे संदेश उलगडणारा जो भाग आहे, तो म्हणून केवळ स्टॅटिक अ‍ॅनालिसिसवर सोडू नये. तो भाग संगणकावर वेगळा कंपाइल करावा, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी सोय) लावावा आणि फझरने रात्रभर वेडेवाकडे संदेश पाठवून झोडपावा.

शेवटी पैशांचा प्रश्न. पॉलीस्पेस, कोव्हेरिटी, पीसी-लिंट ही टूल वाईट नाहीत. पॉलीस्पेसचा उगमच मुळी एरियान-५ या रॉकेटच्या अपघातात आहे. ४ जून १९९६ रोजी ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या साइन्ड इंटिजरमध्ये मावली नाही आणि उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत ते रॉकेट गेले. त्या कोडच्या विश्लेषणासाठी केलेल्या संशोधनातून पुढे हे टूल आले. आपल्या तापमानाच्या चुकीचे हे थोरले भावंडच. तरीही विकत घेण्याआधी विक्रेत्याचे सादरीकरण पाहून निर्णय करू नये, कारण सादरीकरणातील नमुना कोड त्या टूलसाठीच निवडलेला असतो. आपल्या गिट इतिहासातून ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या पंधरा-वीस खऱ्या चुका निवडाव्यात. प्रत्येकीच्या दुरुस्तीआधीची आवृत्ती बाहेर काढून तिच्यावर विकतचे टूल चाचणी परवान्यावर आणि मोफत टूल नीट बसवून चालवावे, आणि कोणाला किती सापडल्या व त्यासाठी किती खोटे इशारे वाचावे लागले, हे दोन रकान्यांत लिहावे. उन्हाळ्याच्या तक्रारींतून वर सांगितलेली चूक खरी ठरली, तर तिलाही या यादीत घ्यावे. मोफत टूल बसवायला ज्या आठवड्याभराचे काम लागेल ते विकतच्या टूललाही लागणारच आहे, म्हणून ते वाया जाण्याची भीती नाही. विक्रेत्याला परवाना ओळींवर आहे की माणसांवर, आपल्या मायक्रोकंट्रोलरचा कंपायलर त्यांच्या यादीत आहे का, आणि परवाना संपल्यावर जुनी आधारयादी वाचता येईल का, एवढे तीन प्रश्न लेखी विचारावेत.